विहिरीत हिरवा दगड लागलाय, तांबं असेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सिन्नर तालुक्यात यांच्या वडिलांच्या शेतात विहिरीचं काम चालू आहे. पंचेचाळीस फुटांवर काळा पाषाण संपला आणि भोकाभोकांचा मऊ खडक लागला. त्या भोकांना आतून निळसर हिरवा रंग. क्रेनवाला म्हणाला, 'तांबं दिसतंय.' गावभर झालं. चार दिवसांत एक जण पिस्तुलासारखं यंत्र घेऊन हजर. यंत्र दगडाला टेकवलं, पडद्यावर 'तांबे १८६' असा आकडा दाखवला आणि पक्का रिपोर्ट, सरकारी नोंद, शिवाय कंपनीशी बोलणी, असं सगळं मिळून चाळीस हजार सांगितले. वडील म्हणतात, तोवर काम थांबवू. आणि यांचा प्रश्न असा की नाशिक जिल्ह्यात तांबं असू शकतं का?

भाऊ, तुम्ही विचारलेला प्रश्न भूगर्भाचा आहे, पण तुमची अडचण वेगळी आहे. काम थांबवायचं का आणि या माणसाला पैसे द्यायचे का, ही ती अडचण. तिचं उत्तर आधी देतो: काम थांबवू नका, पैसे देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा.

मी तीसेक वर्षं खनिजांच्या शोधात काढली, त्यातली बरीचशी तांब्याच्या मागे. विदर्भ, बालाघाट, राजस्थान. आता नाशिकला असतो. नुसत्या फोटोवरून छातीठोक सांगणं आमच्या धंद्यात बसत नाही, म्हणून खाली घरी करून बघण्यासारखी एक परीक्षाही दिली आहे. तरी फोटोत जे दिसतंय ते मी या जिल्ह्यात इतक्या विहिरींच्या ढिगांवर पाहिलंय की ते तांबं निघालं तर मला मनापासून आनंद होईल आणि मी स्वतः भाड्याने गाडी करून तुमच्याकडे येईन.

आधी तो हिरवा रंग. तुमचा भोकाभोकांचा खडक म्हणजे आपले विहीरवाले ज्याला मांजऱ्या म्हणतात तो. लाव्हा वाहत येतो तेव्हा त्यातले वायूचे बुडबुडे वर चढतात आणि थराच्या माथ्याजवळ अडकून बसतात. लाव्हा थिजला की भोकं उरतात. पुढे लाखो वर्षं त्यातून पाणी झिरपतं आणि भोकांच्या भिंतींवर खनिजं बसत जातात. बहुतेक वेळा सगळ्यात आधी बसतो तो हिरव्या मातीसारखा लेप, त्याचं नाव सेलाडोनाइट. अभ्रकाच्या कुळातलं खनिज. त्याचा हिरवा, कधी निळसर हिरवा रंग लोखंडामुळे येतो. त्यात तांब्याचा काही संबंध नाही. नखाने खरवडलं तर निघतं, बोटांना साबणासारखं लागतं. या लेपावर मग पांढरी, गुलाबी गारगोटी वाढते: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट. तुमच्या तिसऱ्या फोटोत डाव्या कोपऱ्यात फुलपाखराच्या पंखासारखं जे पांढरट-गुलाबी दिसतंय ते मला स्टिल्बाइट वाटतं. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, तुमच्यापासून लांब नाही. तिथे जाऊन या. तुमच्या विहिरीचे श्रीमंत नातेवाईक काचेच्या कपाटात बसलेले दिसतील. अ‍ॅपोफिलाइट कधीकधी सुंदर हिरवं असतं, तेही व्हॅनेडियम नावाच्या दुसऱ्याच धातूमुळे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळंभोर कॅव्हन्साइट बघून तर कुणीही म्हणेल की हे मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ आहे. त्यातही व्हॅनेडियमच. रंगावरून तांबं ओळखायला गेलो तर आपल्या सह्याद्रीत माणूस दर मैलाला फसेल.

आता तो १८६ चा आकडा. त्या माणसाने तो खोटा दाखवला असं मी म्हणत नाही. यंत्र खरं असतं आणि आकडाही बहुधा खराच असेल. तो दहा लाख भागांत १८६ भाग असा वाचायचा. म्हणजे एक टन दगडात १८६ ग्रॅम. एका टनात एक लहानसा तांब्या होईल न होईल इतकं तांबं, आणि ते दगडाच्या कणाकणांत असं मुरलेलं की काढायचा खर्च तांब्याच्या किमतीच्या कितीतरी पट. मुख्य म्हणजे हा आकडा तुमच्या विहिरीचा विशेष नाहीच. दख्खनच्या काळ्या पाषाणात तांबं साधारण शंभर-दोनशेच्या घरात असतंच. तेच यंत्र तुमच्या घराच्या जोत्याला लावा, एसटी स्टँडच्या बाहेरच्या खडीला लावा, पांडवलेण्याच्या भिंतीला लावा, असाच आकडा येईल. जिथे तांब्याची खाण चालते तिथे दगडात साधारण अर्धा ते एक टक्का तांबं लागतं, म्हणजे पाच ते दहा हजार. टक्के कुठले आणि दहा लाखांतले भाग कुठले, हे न सांगता नुसता आकडा दाखवणं एवढीच त्यातली हातचलाखी.

मग प्रश्न उरतो, इतक्या दगडात थोडं थोडं तांबं आहे तर ते कुठेतरी गोळा झालं नसेल का? हा प्रश्न मात्र चांगला आहे आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

गावातल्या प्रत्येक घरात दहा रुपये असले म्हणून गावात बँक आहे असं होत नाही. कुणीतरी दारोदार फिरून ते जमा करावे लागतात. पतसंस्थेचा पिग्मी एजंट असतो ना, तसा. जमिनीखाली हे काम गरम, खारं पाणी करतं. ते किलोमीटर किलोमीटर दगडांतून फिरतं, कणाकणातलं तांबं विरघळवून घेतं आणि एखाद्या भेगेतून वर चढतं. मग जिथे ते थंड होतं, किंवा त्याची गाठ गंधकाशी, वेगळ्या पाण्याशी पडते, तिथे सगळी जमा एकाच ठिकाणी टाकतं. एजंट हवा, त्याला फिरायला वाट हवी, भरणा करायला जागा हवी आणि हे सगळं पुरेसा काळ चालायला हवं. यातलं एक जरी नसलं तरी तांबं घरोघरीच राहतं.

हे सगळं जुळलं की काय होतं ते बघायचं तर मलाजखंडला जा. बालाघाट जिल्हा, गोंदियाच्या पलीकडे. तिथला ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा. त्यात धनुष्यासारखा वळलेला पांढऱ्या गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एक पट्टा आहे, दोन किलोमीटरहून लांब, आणि त्या गारेत सोनेरी ठिपक्यांचं चॅल्कोपायराइट, म्हणजे तांब्याचं खनिज. तिथे पूर्वीच्या लोकांनी खणलेल्या खुणा होत्या आणि डोंगरावर हिरवे-निळे डाग होते. म्हणजे जागा माहीत नव्हती असं नाही. तरी साठच्या दशकाच्या अखेरीस भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नेटाने काम हातात घेतलं तेव्हा कुठे तिचा आवाका कळू लागला. हिंदुस्तान कॉपरची उघडी खाण चालू झाली ती १९८२ मध्ये. हिरवा डाग दिसणं आणि खाण चालणं यांच्यामध्ये काय काय येतं ते ऐका: आधी नकाशा. कुठला खडक कुठे, भेगा कुठल्या दिशेने. मग माती आणि ओढ्यांतली वाळू ठरावीक अंतरावर गोळा करून तपासणं. मग चर खणणं. मग विजेचा प्रवाह सोडून जमिनीच्या पोटात काय आहे त्याचा अंदाज. आणि एवढं करून आशा उरली तरच ड्रिलिंग, तेही एक-दोन नाही, ओळीने भोकं. दर भोकाचा कोअर, म्हणजे आतून निघालेला दगडाचा दांडा, पेट्यांत लावायचा, मीटरमागून मीटर पाहायचा, उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा. सरकारी भाषेत याच्या चार पायऱ्या आहेत, जी-४ पासून जी-१ पर्यंत. आकडा उतरत जातो तशी खात्री चढत जाते. बहुतेक जागा पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच बाद होतात.

माझी एक सांगतो. विदर्भातला माझा दुसराच हंगाम. एका नाल्याच्या काठावर नाइस नावाच्या जुन्या खडकावर मॅलाकाइटचा, म्हणजे तांब्याच्या हिरव्या खनिजाचा, असा हिरवागार पट्टा दिसला की मी तिथेच टोपी काढून बसलो. पंधरा-वीस फूट लांब, जणू कुणी ब्रशने रंगवलाय. आमच्या वरिष्ठांनी हातोड्याने एक ढलपी उडवली आणि माझ्या हातात दिली. हिरवा रंग अर्ध्या इंचावर संपला होता, आत नुसता करडा दगड. तरी मी हट्ट धरला आणि शेवटी एक भोक पाडलं गेलं. मिळाली वीतभर जाडीची एक शीर, वर-खाली काही नाही. तांब्याची ही खोड आहे. पावसाच्या पाण्याने थोडं विरघळलं तरी ते उतारावर पसरतं आणि मूठभर तांबं अख्खी भिंत रंगवतं. उलट ज्या जागांनी पुढे काही दिलं तिथे वर बहुतेक वेळा गंजासारखा तपकिरी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र दगड होता. गंधकाची खनिजं कुजून गेल्यावर उरलेला तो सांगाडा. त्याचा फोटो कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही, कारण तो दिसायला रद्दड असतो.

दुसरी चूक तर निव्वळ माझीच. मातीचे नमुने चाळून पाठवले आणि एका ओळीतल्या सगळ्या नमुन्यांत तांबं चढं आलं. दोन दिवस झोप लागली नाही. मग लक्षात आलं की जस्तही बरोबर त्याच प्रमाणात चढलंय. तांबं आणि जस्त म्हणजे काय? पितळ. त्या ओळीसाठी मी पितळी जाळीची चाळणी वापरली होती. तेव्हापासून नायलॉनची.

ही चाळणी आठवायचं कारण तुमच्या फोटोतल्या विहिरीच्या मागे दिसणारी द्राक्षबाग. उद्या कुणी तुमच्या मातीचा नमुना काढून 'बघा, मातीतसुद्धा तांबं' असं म्हणाला तर चकित होऊ नका. तुम्ही वर्षानुवर्षं बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, मारता. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. एक टक्क्याच्या बोर्डोला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, तेवढाच चुना, आणि त्यातला बराच भाग शेवटी मातीत. वर कॉपर ऑक्सिक्लोराइडही असतंच. नाशिकच्या बागायती पट्ट्यात मातीच्या नमुन्यांवरून तांबं शोधायला निघालेल्या माणसाने आधी फवारणीची वही मागावी. तुमची बोर्डो कालवायची टाकी विहिरीच्या ढिगाजवळ असेल तर दगडांवर निळसर ओघळही येऊ शकतात. तुमच्या फोटोत तसं दिसत नाही, रंग भोकांच्या आत आहे, पण खाली प्रतिक्रियांत बागेचा उल्लेख करून एकाने शंका काढली आहे म्हणून सांगितलं.

आता नाशिकच्या दगडाकडे येऊ. एका वाचकाने लिहिलंय की अमेरिकेत बेसाल्टमध्येच, म्हणजे आपल्यासारख्या काळ्या पाषाणातच, तांब्याच्या खाणी होत्या, मग आपल्याकडे का नाही. बरोबर आहे आणि अभ्यास करून विचारलंय. लेक सुपीरियरच्या काठावर, मिशिगनमध्ये, किवीनॉ नावाचा भाग आहे. तिथलाही दगड लाव्हाचाच, भोकाभोकांचे थर, भोकांत गारगोट्या, अगदी आपल्यासारखे. आणि त्या भोकांत शुद्ध धातूच्या रूपात तांबं. १८४० च्या दशकात तिथे खाणींची झुंबड उडाली आणि ते शुद्ध तांबं पुढे सव्वाशे वर्षं निघत राहिलं. एक तांब्याचा धोंडा, दीड टनाहून जड, १८४३ मध्ये तिथून वॉशिंग्टनला नेला, तो अजून तिथल्या संग्रहालयात आहे.

मग फरक कुठे? तिथला लाव्हा एकशे दहा कोटी वर्षं जुना. तो ज्या खचलेल्या खोऱ्यात साचला तिथे थरांवर थर चढून जाडी कित्येक किलोमीटर झाली, वर आणखी गाळ बसला आणि खालचे थर शिजले. दोन-अडीचशे अंश तापमानाला पाणी बाहेर पडलं, खालच्या बेसाल्टमधलं तांबं घेऊन भेगांतून वर आलं आणि वरच्या थरांच्या भोकांत, गोट्यांच्या खडकांत जमा झालं. पिग्मी एजंट तिथे आला होता.

आपल्याकडे तो फिरकल्याची खूण नाही. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थर खूप आहेत, कळसूबाई १६४६ मीटर उंच ते त्यामुळेच, पण या थरांना वरून कुणी गाडलं नाही. उलट पावसाने ते वरून झिजतच आलेत. याचा पुरावा तुमच्याच विहिरीत आहे. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही खनिजं साधारण शंभर-दीडशे अंशांच्या आतबाहेरची. दगड जास्त शिजला असता तर ही राहिली नसती, त्यांच्या जागी दुसरी आली असती. म्हणजे ज्या सुंदर गारगोट्यांसाठी आपला भाग जगात ओळखला जातो, त्याच सांगतात की इथे तांबं गोळा करण्याइतकी उष्णता पोचली नाही.

दुसरी शक्यता सैबेरियासारखी. तिथे नोरिल्स्कला पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच प्रचंड लाव्हाच्या मुळाशी निकेल आणि तांब्याचे अफाट साठे आहेत. तिथे वितळलेला दगड वर येताना जिप्समसारख्या गंधकाने भरलेल्या थरांतून आला. गंधक मिळालं की तांबं-निकेल त्याच्याशी चिकटतं आणि जड थेंब होऊन तळाशी बसतं. नोरिल्स्क सापडल्यावर दख्खनच्या बाबतीतही हा विचार झाला, व्हायलाच हवा होता. पण त्यासाठी लाव्हाच्या वाटेत गंधकाचं कोठार लागतं आणि शिवाय थेंब जिथे साचतील ती लाव्हाची नळी सापडावी लागते. विहिरीच्या भोकातल्या हिरव्या लेपाचा या प्रकाराशी काडीचा संबंध नाही.

तिसरी शक्यता, बेसाल्टच्या खाली काय? इथे मी नाही म्हणणार नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे भोक पाडलं तेव्हा ३३८ मीटरवर लाव्हा संपला आणि खाली जुना नाइस लागला. कोयनेला पहिल्या खोल भोकात लाव्हाची जाडी सव्वानऊशे मीटरच्या वर भरली, खाली थेट ग्रॅनाइट-नाइस. विदर्भात हेच जुने खडक उघड्यावर आहेत, म्हणून महाराष्ट्रातली तांब्याची नावं तिकडची: चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना, नागपूर जिल्ह्यात पुलर-परसोडी. नाशिकखालीही जुने खडक असतीलच आणि त्यात कुठे तांब्याची शीर नसेलच असं मी कसं म्हणू? पण ती शेकडो मीटर लाव्हाच्या खाली, आणि पंचेचाळीस फुटांवरून तिचा वासही येणार नाही. हाच प्रश्न चंद्रपूर-भंडाऱ्याकडून आला असता तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे मी म्हणालो असतो, दगड जपून ठेवा आणि जागेवर खूण करा.

नाशिकला तांब्याचं नाव मोठं आहे ते तांबटांमुळे. तांबट लेन, भांडी बाजार, ठोक्यांचा आवाज. दगडाशी त्याचा संबंध नाही, पत्रा कायम बाहेरूनच आला. आणि ही आजची गोष्ट नाही. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चार वस्तू मिळून साठ किलोंच्या वर वजन. प्रवरेकाठच्या त्या माणसांच्या पायाखालीही आपलाच काळा दगड होता. एवढा धातू त्यांनी लांबून आणला, इथे खणून काढला नाही. राजस्थानातल्या खेत्रीकडचं तांबं, की आणखी कुठलं, यावर जाणकार अजून वाद घालतात.

आता घरची परीक्षा. ती तुम्हाला आधीच येते, फक्त या कामासाठी कधी वापरली नसेल. बोर्डो कालवल्यावर चुना कमी पडला का बघायला आपण त्यात विळा किंवा खिळा बुडवतो. लोखंडावर तांबूस थर चढला की चुना कमी. तेच इथे. हिरवा भाग चमचाभर खरवडून घ्या, बारीक करा, काचेच्या पेल्यात टाका, वर पांढरं व्हिनेगर ओता, पेला कोमट पाण्यात ठेवा. मॅलाकाइट असेल तर बारीक बुडबुडे येतील आणि काही तासांनी पाणी निळसर हिरवं होईल. पण पांढरी गारगोटी बरोबर आली असेल आणि त्यात कॅल्साइट असेल तरी बुडबुडे येतात, म्हणून तेवढ्यावर निकाल लावू नका. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी वेगळं काढा आणि त्यात सँडपेपरने घासून लख्ख केलेला खिळा तासभर ठेवा. तांबं असेल तर खिळ्यावर तांब्याचा गुलाबी-तांबडा थर येईल, चमकणारा. गंजही येईल, पण तो तपकिरी, मळका असतो आणि बोटाने पुसला जातो. गोंधळ नको म्हणून शेजारी दुसऱ्या पेल्यात नुसतं व्हिनेगर आणि तसाच खिळा ठेवा. तिसऱ्यात मोरचुदाचा एक खडा टाकलेलं व्हिनेगर. मग तिन्ही खिळे ओळीने ठेवून फोटो काढा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड मात्र यासाठी वापरू नका, घरात लहान मूल आहे असं तुम्हीच लिहिलंय. आणि पेले नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

पितळी चमकेचा कण कुठे दिसला तर तोही तपासा. चाकूने ओरखडा सहज उठला आणि पूड हिरवट काळी आली तर चॅल्कोपायराइट असू शकतं. चाकूला दाद न देणारं, उलट काचेवर ओरखडा काढणारं ते पायराइट, त्याची किंमत शून्य.

कायद्याचंही थोडं, कारण त्या माणसाने 'सरकारी नोंद तुमच्या नावावर' असं म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. तसं काही नसतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार जमिनीतल्या खनिजांवरचा हक्क शासनाचा आहे. सातबारा तुमचा, त्याखालचं तांबं तुमचं नाही. खाणपट्टे आता लिलावाने दिले जातात, कुणा एजंटाच्या ओळखीने नाही. २०२३ मध्ये केंद्राने महत्त्वाच्या तीस खनिजांची यादी काढली, तिच्यात तांबंही आहे. तेव्हापासून बातम्या वाढल्या आणि बातम्यांच्या मागून हे यंत्रवाले. पूर्वी नारळ हातावर उभा करून पाणी दाखवणारे पाणाडे यायचे, ते निदान जेवून जायचे. खरंच शंका असेल तर राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय नागपूरला आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालयही नागपूरलाच. साधं पत्र, जागेचा गट नंबर, फोटो. त्याला चाळीस हजार लागत नाहीत. विहिरीतून निघालेला दगड-मुरूम विकायचा विचार असेल तर मात्र आधी तहसील कार्यालयात विचारा, गौण खनिजाचे नियम तिथे लागतात आणि दंड जबर असतो.

वडिलांना पाण्याची काळजी वाटते असंही लिहिलंय. सेलाडोनाइटमुळे पाणी बिघडत नाही. पिण्याला वापरणार असाल तर एकदा पाणी तपासून घ्याच, तांब्यासाठी नव्हे, नायट्रेटसाठी. तांब्याची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. बोर्डोची टाकी विहिरीच्या काठावर धुऊ नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

राहिला मांजऱ्या. भोकं गारगोटीने भरलेली असतील तर त्यात पाणी फारसं मावत नाही. तुमचं पाणी बहुधा दोन थरांच्या सांध्यावर लागेल, जिथे तांबड्या गेरूसारखी पट्टी दिसते तिच्या आसपास. फोटोत पट्टी अजून आलेली नाही. आणखी दहा-पंधरा फुटांत ती येते का, आली तर तिचा रंग आणि जाडी, आणि सकाळी विहिरीत किती पाणी साचलेलं असतं ते कळवा. सुरुंग उडवल्यावर लगेच गारगोट्या वेचायला खाली उतरू नका, मांजऱ्याचे ढपले तासा-दोन तासांनीसुद्धा सुटतात. खिळ्यांचा फोटो टाका, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल.